दुखालंय म्हणायला शिकलो तो हिवाळा

कार्तिक सरत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी उसाच्या ट्रॉल्या अडकायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर कलंडेल की काय असा रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरशेजारच्या डब्यातून फुटक्या आवाजात वाजणारं गाणं. सकाळी माझ्या नाचाच्या क्लासची खिडकी उघडली तर नदीकडच्या वाऱ्याबरोबर गुऱ्हाळाचा वास आत येतो. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडाचा, थोडा करपट आणि बराचसा गोड. हा वास आला की माझ्या क्लासमधल्या पोरी स्वेटर घालून यायला लागतात, आणि मी जास्तच कडक होते.

माझा नियम साधा आहे. आल्या आल्या घुंगरांच्या चाळाला हात लावायचा नाही. आधी चालायचं. खोलीभर, गोल गोल, हात हलवत. मग जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर, टाचा खाली, सावकाश. मग गुडघे, मग कंबर, मग खांदे. अंगातली ऊब कपड्यातून बाहेर यायला लागली, एकीदोघींनी स्वेटर काढून कोपऱ्यात टाकले, की मगच चाळांची पिशवी उघडायची. परवा एका नव्या पोरीची आई दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. पंचवीस मिनिटं झाल्यावर तिला राहवेना.

"बाई, नाच कवा सुरू व्हायचा?"

"सुरू झालाय की," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. तिचं चुकत नव्हतं. बावीस वर्षांची असताना मलाही पटलं नसतं. त्या वर्षीचा हिवाळा मध्ये आला नसता तर मीही आज थंडगार फरशीवर पोरींना उभं करून पहिल्याच मिनिटाला ढोलकी सुरू केली असती.

तेव्हा मी रत्नाक्काच्या पार्टीत होते. रत्नाक्का गडहिंग्लजकडची, कर्नाटकाच्या सीमेवरची, म्हणून सगळ्यांची अक्का. स्वतः वीस-बावीस वर्षं लावणी नाचून मग तिनं आम्हा आठ पोरींची पार्टी उभी केली होती. माघात हंगाम उघडायचा, गावोगावच्या जत्रा संपेपर्यंत चालायचा. त्याआधीचे तीन महिने तालमीचे. जागा होती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली एक बंद पडलेली पिठाची गिरणी. यंत्रं कधीच उचलून नेलेली, पण भिंतींच्या खाचांत अजून पीठ होतं. जोरात ठेका पडला की वरच्या वाशांतून पांढरा भुरका उतरायचा आणि आमच्या केसांवर बसायचा. खाली कोबा. सिमेंटचा, घोटून गुळगुळीत केलेला. हिवाळ्यात सकाळी त्याच्यावर पाय ठेवला की गारठा तळव्यातून थेट दाढेपर्यंत जायचा.

आम्ही सातला जमायचो. पितळी तांब्यातला चहा, त्यात बुडवलेली एखादी खारी, आणि लगेच चाळ. आधी पायाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची, मग चाळांची एकेक लड घोट्यापासून वर नडगीपर्यंत चढवत न्यायची. एकेका पायात दोन-अडीच किलोचं वजन. अक्काच्या लेखी चाळ बांधल्यावर जी बाई जड पावलानं चालते ती नाचणारी नव्हे. आमचे ढोलकीवाले इस्माईलमामा कोपऱ्यात कोळशाच्या शेगडीवर ढोलकीची पुडी शेकत बसायचे. थंडीत कातडं सैल पडतं, सूर उतरतो, म्हणून. आज आठवलं की हसू येतं. त्या शेडमध्ये गरम करून मगच वाजवायची अशी वस्तू एकच होती, आणि ती ढोलकी होती. आम्ही आठजणी थंडगार उभ्या असायचो.

पार्टीत पहिल्या नंबरची सविता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दिसायला चारचौघींसारखी, पण एकदा का ढोलकीचा पहिला बोल पडला की तिच्या अंगात वेगळंच माणूस उभं राहायचं. तिची गिरकी बघताना आपण श्वास धरून ठेवलाय हे गिरकी संपल्यावर कळायचं. तिच्या मागं दुसऱ्या नंबरला मी. दुसरा नंबर म्हणजे पहिलीच्या उजव्या खांद्यामागं दीड हात. तीन वर्षं मी जग त्या खांद्यावरून बघत होते.

आमच्यात दुखणं बोलायची पद्धत नव्हती. असं नव्हे की दुखत नव्हतं. प्रत्येकीच्या पिशवीत बाम होता, पट्टा होता, गोळ्यांची पाकिटं होती. आम्ही एकमेकींकडून गोळी मागायचो, जशी टिकली मागावी तशी. पण अक्कासमोर कुणी तोंड उघडत नव्हतं. एकदा एका पोरीनं गुडघा धरला तर अक्का एवढंच म्हणाली, "नाचणाऱ्या बाईला दुखणारच की. गाणाऱ्या बाईचा घसा दुखत न्हाय व्हय?" ती पोर पुढं कधी बोलली नाही. आम्ही बाकीच्याही त्यातून शिकलो.

मार्गशीर्ष लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सविता गिरणीच्या पायऱ्या आडवी होऊन उतरते. एक हात भिंतीला, आधी डावा पाय, मग उजवा त्याच्याशेजारी. तीनच पायऱ्या होत्या. सकाळी आल्यावर पहिली दहा पावलं ती टाच टेकतच नव्हती. नाचायला लागली की सगळं पुसलं जायचं, म्हणून कुणाला दिसलं नाही. मी मागं उभी असायचे, मला दिसलं.

"सवे, उजव्या पायाला काय झालंय?" मी तिला चहाच्या वेळेला बाजूला घेऊन विचारलं.

"पोटरी धरत्या सकाळी. नाचलं की सुटत्या."

"अक्काला सांग."

"सांगतो की," ती म्हणाली. कोल्हापुरात आम्ही पोरी 'मी येतो, मी करतो' असंच बोलतो. "हंगाम झाल्यावर सांगतो. तू बोललीस तर बघ. आईची शप्पथ घे."

मी शपथ घेतली. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की शपथ होती म्हणून गप्प बसले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्या दिवशी घरी जाताना पापाच्या तिकटीच्या चौकात मी एकटीच थांबले आणि माझ्या मनात आलं, सविता उभी राहू शकली नाही तर पुढं कोण. उत्तर मला माहीत होतं. त्या विचाराची मला लाज वाटली, पण विचार आला होता.

पंधरा दिवसांनी, एका बुधवारी सकाळी, ते झालं. फार गारठा होता. सविता उशिरा आली, घाईत चाळ बांधले, आणि अक्कानं थेट शेवटचा वेगाचा भाग घ्यायला सांगितला. उडी घेऊन बसल्यासारखं करायचं आणि लगेच पुन्हा उठायचं, असा तो भाग होता. सविता उठली आणि मध्येच थांबून मागं वळली. माझ्याकडं बघितलं.

"लाथ का मारलीस?" ती म्हणाली.

मी तिच्यापासून दीड हात लांब होते. माझा पाय लागलाच नव्हता. पण तिला खरंच वाटलं होतं की कुणीतरी मागून पोटरीवर दगड घातला. मग तिनं पाऊल टाकायला बघितलं आणि ती खाली बसली. इस्माईलमामांचा हात ढोलकीवरच राहिला. चाळांचा आवाज एकदम बंद झाल्यावर त्या शेडमध्ये जी शांतता झाली ती मला आजही कानात ऐकू येते.

कुणीतरी तेल आणलं, कुणी चोळायला धावलं. मामांनी सगळ्यांना हातानं मागं सारलं. "कुणी हात लावू नका," म्हणाले आणि शेजारच्या कुस्तीच्या तालमीतल्या वस्तादांना बोलवून आणलं. सत्तरीचे, कान चुरगळलेले, अंगावर घोंगडी. त्यांनी लांबूनच "बाळ, बघू का?" असं सवितालाच विचारलं. तिनं मान हलवली. मग दोन बोटांनी पोटरी चाचपली.

"फाटलीया," ते म्हणाले. "चोळायची न्हाय. शेकायची न्हाय. बर्फ लावा, आन् पाय वर ठेवा. माझ्या पैलवानांना एक ताई बघत्यात, त्यांच्याकडं न्या." उठताना त्यांनी कोब्यावर पायातली चप्पल दोनदा आपटली. "हितं नाचता?" त्यांनी अक्काला विचारलं. "आमी रोज पहाटं माती खणून मऊ करतो, मग पोरं उतरवतो. ह्या असल्यावर मी एक दिवस सुदीक कुणाला उतरवलं नसतं."

 अक्काला कुणी असं विचारलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

त्या ताई म्हणजे डॉक्टर प्रज्ञा. फिजिओथेरपिस्ट. शाहूवाडीकडच्या, वडिलांची डोंगरउतारावर थोडी भातशेती, घरात पहिल्या शिकलेल्या. तेव्हा त्या जेमतेम अठ्ठावीसच्या असतील. सविताची पोटरी बघून झाल्यावर त्यांनी आमच्या तालमीला यायची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी सातला आल्या आणि भिंतीला टेकून दोन तास नुसतं बघत बसल्या. वही उघडली नाही. केसांवर पीठ पडत होतं तेही झटकलं नाही.

मग म्हणाल्या, "अक्का, मामा ढोलकी का शेकतात?"

"गार असली तर वाजत न्हाय."

"आणि फुटते का?"

"गार असताना ताणली तर फुटत्या की."

प्रज्ञाताईंनी फक्त आमच्या पायांकडं बघितलं. अक्का म्हणाली, "डॉक्टरीनबाई, आमी काय आज नाचालोय? आमच्या आया बी अशाच नाचल्या."

"माझी आई भाताची लावण करते," प्रज्ञाताई म्हणाल्या. "तिची आई पण करायची. दोघींच्या कमरा गेल्या. दोघी कधी बोलल्या नाहीत. मला वाटायचं बाईची कंबर अशीच असते. शिकल्यावर कळलं की तसं नसतं."

त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेकीला बोलवून विचारलं. कुठं दुखतं, कधी दुखतं. सुरुवातीला सगळ्यांचं उत्तर एकच, कुठंच नाही. मग त्या स्वतःच बोट ठेवायला लागल्या, आणि कुठं बोट ठेवायचं ते त्यांना बरोबर माहीत होतं. माझ्याजवळ आल्यावर हळूच विचारलं, "पाळी येते का वेळेवर?" मी लाजेनं खाली बघितलं. चार महिने आली नव्हती. मला ते बरंच वाटत होतं, कटकट नाही म्हणून. "जेवतेस काय?" मी सांगितलं, चहा, खारी, दुपारी एक भाकरी. शालूत पोट दिसू नये म्हणून. त्यांनी माझा हात धरून ठेवला. "हाडांना पण खायला लागतं गं," म्हणाल्या. "तू त्यांना उपाशी ठेवून त्यांच्यावर नाचालीस."

दुखणं दोन तऱ्हेचं असतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. एक पसरलेलं, मेहनतीचं. विश्रांती घेतली की दोन दिवसांत ओसरतं. दुसरं एका जागी बसलेलं, एका बोटानं दाखवता येतं असं, आणि विश्रांतीतही ठणकणारं. पहिल्याला घाबरायचं नाही. दुसरं झाकायचं नाही.

बदल हळूहळू झाले. आधी फक्त चालणं आलं. मग पायरीवरच्या टाचा. मग असं ठरलं की पहिला अर्धा तास चाळाशिवाय नाचायचं, आणि चाळांच्या लडी सगळ्या एकदम न चढवता आठवड्याला एक-एक वाढवायची. उडी मारून खाली येताना पायाचा आवाज होता कामा नये, असा एक खेळ प्रज्ञाताईंनी लावला; इस्माईलमामा डोळे मिटून बसायचे आणि ज्या पोरीचं पाऊल ऐकू येईल तिचं नाव घ्यायचे. सोमवार सुट्टीचा झाला. अक्का कुरकुरत होती, पण वस्तादांचं बोलणं तिला कुठंतरी लागलं होतं. एके दिवशी ती स्वतः मंडपवाल्याकडून स्टेजच्या जुन्या फळ्या घेऊन आली. सुतारानं खाली लाकडी रिपा टाकल्या, रिपांखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे, वर फळ्या ठोकल्या. पहिल्यांदा त्या फळ्यांवर पाय आपटला तेव्हा जमीन आपल्याला थोडंसं परत देतेय असं वाटलं. आम्ही आठजणी लहान पोरींसारख्या त्याच्यावर उगीच नाचत राहिलो. सातजणी खरं तर. सविता खुर्चीत होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

तिची जागा मला मिळाली.

मी ती मागितली नव्हती, पण नको असंही म्हटलं नाही. आणि मला शिकवायला बसली कोण, तर सविताच. खुर्चीतून हातानं ताल देत ती मला प्रत्येक मुरका समजावून सांगायची. कुठं मान आधी फिरते आणि डोळे मागून येतात, कुठं पदर सोडायचा नाही नुसता सोडल्यासारखा करायचा. तिनं काही हातचं राखलं नाही. तालीम संपली की आम्ही दोघी बाहेर उन्हात बसायचो. ती भिंत धरून टाचा वर-खाली करायची, आधी दोन्ही पायांनी, मग कितीतरी दिवसांनी एका. तिचा भाऊ गुऱ्हाळावर होता, तो ताज्या गुळाची ढेप पाठवायचा. शेंगदाणे आणि तो कोमट, अजून पुरता न बसलेला गूळ. प्रज्ञाताईंनी खायला सांगितलंय या नावाखाली आम्ही मूठमूठ खायचो. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या उन्हाइतकं मऊ ऊन मला पुन्हा मिळालं नाही. माझ्या पोटात गूळ होता आणि छातीत ती पापाच्या तिकटीवरची गोष्ट होती. दोन्ही एकदम असू शकतात.

म्हणूनच असेल, मी संध्याकाळी घरी गेल्यावर गच्चीवर पुन्हा नाचायचे. पूर्ण चाळ बांधून, स्लॅबवर, कुणाला न सांगता. सविताच्या जागेवर उभं राहायचं तर सविताइतकं यायला पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. सोमवारी तर दोनदा नाचायचे.

पहिल्या प्रयोगाला आठ दिवस उरले असताना माझी डावी नडगी दुखायला लागली. खालून वीतभर वर, आतल्या बाजूला. मी अंथरुणावर पडल्या पडल्या बोट ठेवून बघितलं. बरोबर एका बोटाएवढी जागा होती. मी बोट काढलं आणि गोळी घेतली.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तालीम संपल्यावर मी पायऱ्या उतरत होते. खाली सविता उभी होती. ती माझ्या पायांकडं बघत होती.

"आडवी उतरालीस," ती म्हणाली.

"पाय अवघडलाय."

"वंदे, खोटं कुणाला सांगालीस? ह्या पायऱ्या मी दीड महिना तशा उतरलोय." ती जवळ आली. "तवा मी तुला शप्पथ घालून गप बसवलं. चूक माझी. पर आता मी गप बसणार न्हाय. उद्या चहापतूर तू सांग. न्हायतर मी सांगतो."

"सवे, सहा दिवस राहिलेत."

"म्हणूनच सांग. सहाव्या दिवशी सांगून काय उपेग?"

मग मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. गच्चीवरचं, आणि पापाच्या तिकटीवरचंसुद्धा. ती ऐकून घेत राहिली.  मग म्हणाली, "तुझ्या जागी मी असतो तर माझ्या बी मनात आलं असतं." आणि पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. पोरी चालायला उठल्या. मी उठले नाही.

"अक्का, दुखालंय," मी म्हटलं.

तीन वर्षांत त्या शेडमध्ये हा शब्द एवढ्या मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता. चालणाऱ्या पोरी थांबल्या. अक्कानं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ती गाणाऱ्या बाईचा घसा काढणार. ती उठली, माझ्यापुढं येऊन फळीवर बसली आणि म्हणाली, "कुठं?"

मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट उचलून तिथं आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. मी दात आवळले.

"एकाच जागी," ती म्हणाली. तिनं ऐकलं होतं तर. प्रज्ञाताई पोरींना सांगत होत्या तेव्हा अक्का पाठ करून चाळ निवडत बसली होती, आम्हाला वाटायचं तिचं लक्षच नाही.

दुपारी प्रज्ञाताईंनी बघितलं. हाडाला ताण आलाय, म्हणाल्या, अजून चीर नसावी, पण असंच नाचलीस तर पडेल. दोन-अडीच महिने चाळ नाही. मी रडले. पार्टीत कुणी रागावलं नाही याचंच जास्त रडू आलं.

पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीला ती लावणी येत नव्हती. प्रयोग राधानगरीच्या वाटेवरच्या एका मोठ्या गावात, दुपारचा, जत्रेचा. मला वाटलं अक्का सुपारी परत करेल.  पण संध्याकाळी ती इस्माईलमामांजवळ जाऊन बसली. "मामा, बैठकीची लावणी वाजवून किती वर्सं झाली?"

"दहा-बारा झाली असतील," मामा म्हणाले. "आता कोण बघतंय बसून केलेली?"

"बघतील," अक्का म्हणाली. आणि सविताला हाक मारली.

बैठकीची लावणी म्हणजे जागेवर बसून केलेली. उडी नाही, गिरकी नाही. गाणं, चेहरा, हात, एवढंच. अक्कानं आपल्या तरुणपणी शिकलेली एक लावणी पाच दिवसांत सविताच्या अंगात घातली. मी शेजारी बसून झील धरायची, धृपदाची ओळ तिच्यामागून उचलायची.

त्या दुपारी मांडवात उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. पुढं फेटे, शिट्ट्या, धूळ. सविता येऊन बसली, डावा पाय दुमडून, उजवा शालूखाली सरळ. पहिलं कडवं होईपर्यंत मागनं ओरडा चालू होता, उठ की म्हणून. ती उठली नाही. तिनं फक्त भुवई उचलली, कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईसारखी, आणि मग ती भुवई हळूहळू खाली आली. तो माणूस येणार नाही हे तिला कळलंय, हे सगळ्या मांडवाला कळलं. ओरडा आपोआप विरला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसायचं सोडून तसाच बसला होता. मी तीन वर्षं सवितामागं नाचले होते, तिचा चेहरा मी कधी समोरून बघितलाच नव्हता. त्या दिवशी शेजारी बसून पहिल्यांदा बघितला.

चैत्रात सविता पुन्हा उभी राहिली, आधी एका लडीनं, मग दोन. पुढं ती चौदा वर्षं नाचली आणि स्वतःला वाटलं तेव्हा थांबली, पायाला वाटलं तेव्हा नव्हे. माझं हाड भरून आलं. पाळी आली. मी दोन हंगाम आणखी नाचले, मग शिकवण्यात मन रमलं. सगळं काही सरळ झालं असं नाही. आमच्यातल्या एका पोरीला दुसऱ्या पार्टीनं जास्त नाचायला मिळेल म्हणून नेलं, तिथं कोबाच होता आणि सोमवार नव्हता. तिचा गुडघा तिसाव्या वर्षी गेला. ती भेटते कधी भाजी मंडईत. आम्ही दोघी उभ्या राहून बोलतो, पण तिला फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून मीच लवकर निघते.

गेल्या महिन्यात अक्काला घेऊन प्रज्ञाताईंकडं गेले होते. अक्का आता सत्तरीच्या पुढं आहे. मीच मागं लागून नेलं; तिला जिना चढवेना. प्रज्ञाताईंच्या केसांत आता पांढरं खरोखरीचं आहे. त्यांनी अक्काला पलंगावर बसवलं, उजवा गुडघा दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय, अक्का?"

अक्कानं पदर सारखा केला. "झाला असंल की महिनाभर."

प्रज्ञाताईंनी काही लिहिलं नाही. हातही काढला नाही. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, काच थरथरली.

"एकोणीस वर्सांची होतो," अक्का खिडकीकडं बघत म्हणाली. "हंगामाचे दिस. आमच्या पार्टीच्या मालकिणीला सांगायला गेलतो. ती जेवाय बसली होती. म्हटलं, पोटभर जेवूदे, मग सांगू. मग ऱ्हाऊनच गेलं."

प्रज्ञाताईंनी स्टूल पुढं ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "माझं जेवण झालंय."